तुला येतं ना? मग बस

आमच्या सरांबद्दल चांगलं बोलायचं असेल तर मला आधी थोडं वाईट बोलावं लागतं. त्याशिवाय माझा घसा मोकळा होत नाही. त्यांच्याविषयी कौतुकाने बोलणारी माणसं भिवंडीत पुष्कळ आहेत. त्या माणसांनी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं चहा वाटलेला नाही. मी वाटलाय.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. आमचं कॉलेज निजामपुऱ्याच्या टोकाला, आणि प्रयोगशाळेच्या मागची भिंत पॉवरलूमच्या गल्लीला लागून. त्या भिंतीला टेकून एक खोली होती, फुटक्या काचसामानाची. दर शुक्रवारी चारनंतर तिथे आम्हा ख्रिस्ती मुलामुलींचं प्रार्थना मंडळ भरायचं. शुक्रवार एवढ्यासाठी, की त्या दिवशी लूम बंद असतात. बाकीचे सहा दिवस त्या खोलीत देवाचं सोडा, शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही.

आम्ही वीस-बावीसजण. माझ्यासारखी दोनचार मराठी मुलं, ज्यांचे वडील कुठल्या तरी कचेरीत किंवा शाळेत. लूमवर काम करणाऱ्या तेलुगू कुटुंबांतली सातआठ. नर्सबाईंची मल्याळी मुलं. वळ गावच्या गोडाऊनमध्ये कामाला आलेल्या झारखंडच्या माणसांची तीन पोरं. आणि वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरून एसटीने येणाऱ्या दोघी. गावात या प्रत्येकाचं चर्च वेगळं, भाषा वेगळी, नाताळचा फराळसुद्धा वेगळा. सर नसते तर आम्ही एकमेकांना रस्त्यात ओळखही दिली नसती. हे त्यांचं श्रेय मी देऊन टाकते. एकदाच देते, पुन्हा मागू नका.

आता पंखा. खोलीत एकच पंखा होता आणि तो करकरायचा. एखादं बारीक आवाजाचं मूल प्रार्थनेला उभं राहिलं की सर उठून पंखा बंद करायचे. "ज्याचा आवाज लहान, त्याच्यासाठी आपण गप्प बसायचं. पंख्यानेसुद्धा." मे महिन्यात, भिवंडीत, पत्र्याच्या छपराखाली! आणि त्या मंडळात बारीक आवाजाचीच मुलं जास्त. मी खणखणीत आवाजात प्रार्थना करायचे ती थोडी त्या पंख्यासाठीच. मी बोलत असताना तो चालू राहायचा आणि सगळे माझ्याकडे कृतज्ञतेने बघायचे.

नंतर सूचनाफलक. प्रत्येकाला आपल्या अक्षरात सूचना वाचता यावी म्हणून सर ती तीन लिप्यांमध्ये लिहायचे. त्यांना येत होत्या दीड. बाकीच्या मुलांकडून कागदावर लिहून घ्यायचे आणि चित्र काढावं तशा उतरवायचे. एकदा तेलुगू कागद त्यांनी उलटा चिकटवला. आठवडाभर तसाच होता. तेलुगू मुलं मान वाकडी करून वाचत होती, पण सरांना सांगायची हिंमत कोणाची होईना. शेवटी मी सांगितलं. सर म्हणाले, "बघ, वाचलं ना त्यांनी? म्हणजे इच्छा आहे."

पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं.

दरवर्षी जुलैत मंडळाचा प्रमुख ठरायचा. प्रमुखाने सभा चालवायची, बायबलचं वचन कोण वाचणार ते ठरवायचं, डिसेंबरात कॉलेजच्या सभागृहात नाताळचा कार्यक्रम उभा करायचा आणि त्यात सगळ्यांसमोर बोलायचं. निवडणूक वगैरे काही नाही. सर सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि नेमका असा कोणीतरी शोधायचे, ज्याला यातलं काडीचं काही येत नाही. मी पहिल्या वर्षी आले ती चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या पाठांतराची बक्षिसं आणि वक्तृत्वाच्या ढाली घेऊनच. माझे पप्पा आमच्या चर्चचे पंच. घरात मी चार वर्षांची असल्यापासून पाहुण्यांसमोर स्तोत्रं म्हणत आलेली. सरांना मी हे सगळं पहिल्याच शुक्रवारी, विचारलं नसताना, सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तुला येतं ना? मग बस." आणि चहाची किटली माझ्या हातात दिली.

त्या वर्षी त्यांनी बिजूला प्रमुख केलं. बिजू अडखळत बोलायचा. 'प्र'वर अडकला की प्रभूपर्यंत पोचायला त्याला अर्धा मिनिट लागायचं. सर शांत बसायचे. बाकीच्यांनीही शांत बसायचं. मी एकदा न राहवून शब्द पुरवला तर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी पुरवली होती.

दुसऱ्या वर्षी अनमोल. वळच्या गोडाऊनमधल्या एका लोडरचा भाऊ, राहायलाही तिथेच. मराठी तोडकंमोडकं, पण हसरा. आमच्याकडे मंडळाचं म्हणून गीतांचं एक पुस्तक नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या चर्चचं आणायचं. हा साधा मुद्दा मी सरांना दोनदा सांगून पाहिला होता. एक दिवस आमच्या चर्चचे पाळकसाहेब मंडळाला भेट द्यायला आले. त्यांच्या स्वागताला अनमोल उभा राहिला आणि आनंदाने म्हणाला, "सब लोग, गीत नंबर बेचालीस!"

त्याच्या हिंदी पुस्तकात बेचाळीसवं स्वागताचं गीत होतं. तेलुगू पुस्तकात सुगीचं होतं, टाळ्या वाजवत म्हणायचं. आमच्या मराठी पुस्तकात अंत्यविधीचं. सगळ्यांनी आपापलं बेचाळीस सुरू केलं, कारण प्रमुखाने सांगितलं होतं. पाळकसाहेब हातात पुष्पगुच्छ घेऊन उभे आणि माझ्या डाव्या बाजूने त्यांना मातीत निरोप देणं चाललेलं. मी थांबले. बाकीचे थांबेनात. सर डोळे मिटून सगळी गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकत राहिले. नंतर पाळकसाहेबांना म्हणाले, "चुकू दे हो. देव काही मराठीचा पेपर तपासायला बसलेला नाही."

पाळकसाहेबांनी घरी येऊन पप्पांना सांगितलं, "तुमच्या मुलीसारखी मुलगी असताना असलं का चालवून घ्यायचं?" पप्पांनी मान डोलावली. मीसुद्धा, चहा देता देता.

तिसरं वर्ष माझं होतं. आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं, असा माझा हिशेब. पप्पांनी तर चर्चमध्ये चौघांना सांगूनही टाकलं होतं. मला ते पद हवं होतं. हे सरळच सांगते, कारण आमच्यात असं काही हवं असणं कबूल करायची पद्धत नाही. सगळे "देवाची इच्छा" म्हणतात आणि आतून झुरतात. मी तीन वर्षं झुरले.

जुलैच्या त्या शुक्रवारी सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, माझ्यावरून पुढे गेली आणि दाराशी बसलेल्या मंजुळावर थांबली.

मंजुळा वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिच्या घरात आजोबांपासून प्रार्थना, पण त्या पाड्यावरून कॉलेजला आलेली ती पहिलीच. दोन वर्षांत तिने मंडळात तोंड उघडलं असेल ते "हाय" नाहीतर "न्हाय" म्हणायला. सरांनी नाव घेतलं तशी ती म्हणाली, "मी? न्हाय सर. मला न्हाय जमाचा."

"म्हणूनच," सर म्हणाले.

सभा संपल्यावर मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं. किटली हातातच होती. "सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुझं कधी काही चुकत नाही."

"मग मला का नाही?"

सर परीक्षानळ्या धूत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तुला येतं, बाळ. तू कुठेही गेलीस तरी लोक तुला पुढे करतील. मंजुळाला कोण करणार आहे?"

"म्हणजे येतं ही शिक्षा?"

"नाही गं," ते म्हणाले आणि पुढची नळी धुवायला घेतली. विषय संपला. त्यांच्या दृष्टीने.

यापुढचं मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

डिसेंबरात मंजुळा माझ्याकडे आली. कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायचं होतं आणि तिला सुचत नव्हतं. "सर बोलले, तुला इचार. तू लिवून देशील का?" मी दिलं. त्याच संध्याकाळी बसून दीड पान लिहिलं. "अवर्णनीय प्रीतीच्या या पावन पर्वावर" अशी सुरुवात. प्रत्येक वाक्यात जोडाक्षरं ठासून भरली. मी स्वतःला सांगितलं, कार्यक्रमाला शोभेल असं नको का? पण लिहिताना मला ठाऊक होतं की हे मंजुळाच्या तोंडात बसणार नाही. ठाऊक असूनच लिहिलं. ती बिचारी आठ दिवस एसटीत बसून ते घोकत होती.

कार्यक्रमाला सभागृह भरलेलं. प्राचार्य, इतर प्राध्यापक, पाळकसाहेब, पहिल्या रांगेत पप्पा. प्राचार्य मोठ्या मनाचे गृहस्थ. ते हिंदू असून दरवर्षी येऊन बसायचे आणि दरवर्षी सरांना म्हणायचे, "अहो, बोलणारी पोरं आणा की स्टेजवर!" मंजुळा उभी राहिली. निळी साडी, बहुधा आईची. पहिलं वाक्य गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या मध्यावर ती थांबली.

सरांनी पंखे बंद करायला खूण केली. सभागृहातले आठही पंखे थांबले. त्यामुळे झालं एवढंच, की तिची शांतता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. ती माझ्याकडे बघत होती. मी विंगेत होते, भाषणाची प्रत माझ्या हातात होती. एक शब्द सांगितला असता तर ती पुढे गेली असती.

मी शब्द सांगितला नाही. मी स्टेजवर गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, हसले आणि माइक घेतला. आणि काय सांगू, मी फार सुंदर बोलले. कागद न बघता. टाळ्या थांबेनात. प्राचार्य उभे राहिले. पप्पांनी चष्मा काढून पुसला. मंजुळा केव्हा खाली उतरली ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर नंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "छान बोललीस." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

मंजुळा त्यानंतर मंडळात आली नाही. कॉलेजातही आली नाही. एक आठवडा गेला, नाताळ झाला, नवीन वर्ष उजाडलं. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्या. तिच्या पाड्यावरची दुसरी मुलगी म्हणाली, "ती आता न्हाय येत. घरचे बोलतान, बस झाला शिकनं." सर मंडळाच्या ग्रुपवर रोज तिच्यासाठी आवाजी निरोप टाकायचे, दोन दोन मिनिटांचे, त्यात निम्मा वेळ पार्श्वभूमीला रिक्षाचा हॉर्न. तिने एकही ऐकला नाही. तिच्याकडे फोनच नव्हता, भावाचा होता. हे सरांना तीन आठवड्यांनी कळलं! मी कपाळावर हात मारून घेतला.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सरांचा मला फोन. "एसटी स्टँडवर ये. वज्रेश्वरीला जायचंय."

"सर, आज चर्च आहे."

"तेच म्हणतोय, ये."

बसमध्ये गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला निघालेली माणसं, खांद्यावर टॉवेल. सर खिडकीशी बसून चणे खात होते. अंबाडी नाका गेल्यावर तोंडात चणे असतानाच म्हणाले, "ते भाषण तिचं नव्हतं ना?"

"नाही. मी लिहिलं होतं."

"अवघड लिहिलंस."

"हो."

"मुद्दाम?"

मी बाहेर बघत "हो" म्हणाले. मला वाटलं, आता उतरवतील खाली. सरांनी पुडीतले आणखी चणे तोंडात टाकले. मग म्हणाले, "तीन वर्षं माझं लक्ष जो पुढे उभा असेल त्याच्यावर होतं. तुझ्यावर ठेवायचं राहून गेलं. ही चूक माझी आहे. तिच्याशी जे केलंस ते तुझं तू बघ." आणि चण्यांची पुडी माझ्यापुढे केली. इतका राग आला मला. तीन वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते या माणसाने एसटीच्या खडखडाटात, तोंडात घास असताना सांगून टाकलं.

पाड्यावर मंजुळा भेंडीच्या वावरात होती. हातांना कापड गुंडाळून भेंडी तोडत होती. सर तिच्या आईशी बोलायला घरापुढच्या गवती झापाखाली बसले आणि मला वावरात ढकललं. मला जन्मात पहिल्यांदा बोलायला सुचेना.

"ते भाषण मी मुद्दाम अवघड लिहिलं होतं," मी शेवटी म्हणाले.

"म्हाईत हाय." ती तोडतच होती. "मी गावची हाय, येडी न्हाय."

"मग पाठ कशाला केलंस?"

"मला वाटला, तुला वाटतं मला जमंल. म्हनून केला."

मी तिथेच सरीत खाली बसले. मला तिला काहीतरी चांगलं, मोठं सांगायचं होतं आणि माझ्याकडची सगळी मोठी वाक्यं त्या दीड पानात संपली होती. मी फक्त "चुकलं माझं" म्हणाले. तिने कापडाचा एक तुकडा फाडून माझ्याकडे टाकला. भेंडीची बारीक काटेरी कूस हाताला लागते. मीही तोडायला लागले.

सर आधी तिच्या आईला काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. आम्ही वावरातून परतलो तेव्हा आई म्हणत होती, "मास्तर, पोरीची हासू करून घ्याला पाठवू का पुन्ना?" सरांनी सांगितलं, "हसू तिचं नाही झालं, माझं झालं. मी पुढे उभं करायला शिकलो, आजूबाजूला बघायला नाही शिकलो." त्या बाईला ते पटलं की त्यांची दया आली, देव जाणे. ती म्हणाली, "परीक्षेपुरती येल."

मंजुळा पुढच्या शुक्रवारी आली. तिची तशी अटच होती, की यायचं तर सभा तीच चालवणार. मला म्हणाली, "तू आज काय करू नको. बस नुस्ती." मी बसले. चहा अनमोलने वाटला आणि त्यातला निम्मा सांडला. मंजुळाने कागद आणला नव्हता. तिने स्तोत्र वाचलं, दोनदा अडली, दोनदा पुन्हा वाचलं, कोणी हसलं नाही. शेवटी प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती एकेकाचं नाव घेत गेली. बिजूची मुलाखत. अनमोलच्या भावाची पाठ. तेलुगू मुलींपैकी एकीच्या वडिलांचा लूम बंद पडलेला. मला वाटलं, झालं. तेव्हा तिने माझं नाव घेतलं.

"देवा, ही सगल्यांचा करते. हिला कोन इचारत न्हाय. तू तरी इचार."

तीन वर्षांत त्या खोलीत माझ्यासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती. मला काही लागत असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. पप्पांना नाही, पाळकसाहेबांना नाही, सरांनाही नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी ढसाढसा रडले. खणखणीत आवाज माझा, रडतानाही तो लपला नाही.

मंजुळाचं अजून संपलं नव्हतं. ती पुढचं वाक्य शोधत होती. आणि सरांनी, ज्यांनी जन्मभर आम्हाला दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडू नये म्हणून शिकवलं, त्या माणसाने तिच्यावर "आमेन" म्हणून टाकलं, मोठ्याने, फाटक्या आवाजात. मी वर पाहिलं तर ते दोन्ही हातांनी तोंड पुसत होते.